डोहाचा पत्ता

शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये एक प्रश्न हमखास येतो. ‘वीकेंडला काय प्लॅन?’ मी फ्रीलान्सर, त्यामुळे माझं ऑफिस म्हणजे ज्यांचं काम चालू असेल त्यांच्याकडची एखादी रिकामी खुर्ची. खुर्ची बदलते, प्रश्न तोच. कोणी पिक्चरला जाणार असतं, कोणी महाबळेश्वरला, कोणी नुसतंच झोपणार असतं. माझं उत्तर ठरलेलं.

‘मासे पकडायला.’

लिफ्ट तीन मजले गप्प. मग कोणीतरी हळूच विचारतं, ‘म्हणजे... मार्केटला?’

नाही हो. मार्केटला नाही. नदीवर. शनिवारी पहाटे लोणावळा लोकल पकडायची, कामशेतला उतरायचं, आणि मग... मग कुठे ते मी सांगणार नाही. का सांगणार नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. हातात पीव्हीसीच्या पाइपात घातलेली रॉड, पाठीवर सॅक, आणि डब्यात हिंग घालून मळलेली कणीक. लोकलमधल्या बायका पाइपाकडे बघून दर वेळी विचारतात, ‘पडद्याचा रॉड का गं?’ मी आता ‘हो’ म्हणते. खरं सांगितलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. लग्न झालंय का, आणि घरच्यांना चालतं का.

घरच्यांना चालतं का? अहो, घरच्यांनीच तर शिकवलंय! म्हणजे आबांनी. माझ्या आईचे वडील. कामशेतच्या पलीकडे मावळातलं छोटंसं गाव, पुढे भाताची खाचरं, मागे डोंगर, आणि मधून इंद्रायणी. आबा देहूरोडच्या फॅक्टरीत नोकरीला होते. रोज लोकलनं जायचे-यायचे, आणि रविवार आला की नदीवर. मी सात वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला पहिल्यांदा बरोबर नेलं. बहुतेक आजीच्या पायात पायात करत होते म्हणून असेल.

त्या वेळचं आमचं सामान बघून आजच्या एखाद्या अँगलरला हसू येईल. वेळूची काठी, तिला बांधलेला तंगूस, शिशाचा एक दाबून बसवलेला मणी, गळ, आणि तरंगा म्हणून मोरपिसाच्या दांडीचा बोटभर तुकडा. आजही माझ्याकडे चांगल्या कंपनीची रील आहे, जपानी लाइन आहे (किंमत आईला माहीत नाही), पण तरंगा मात्र मोरपिसाचाच. पांढरा, हलका, आणि मासा नुसता आमिषाला तोंड लावून बघत असला तरी थरथरतो. प्लॅस्टिकच्या तरंग्याला एवढी समज नसते.

आबांनी पहिल्या दिवशी काहीच शिकवलं नाही. ‘बस’ म्हणाले. बसले. दहा मिनिटांनी बोलायला तोंड उघडलं, तर ओठांवर बोट. अर्ध्या तासानं पायाला मुंग्या. तासाभरानं एक गंमत झाली. पाणी दिसायला लागलं. आधी सगळं सारखंच दिसत होतं, एक मोठं हिरवट काहीतरी. आता कळायला लागलं की इथे खोल आहे, तिथे दगडावरून धार पडतेय, त्या कडेला पाणी गोल फिरतंय आणि त्यावर पाचोळा अडकलाय. ‘त्या पाचोळ्याखाली बसत्यात,’ आबा म्हणाले. तेवढंच.

त्याच सुट्टीत मला पहिला मासा लागला. शिंगटी. मी आनंदानं किंचाळत तिला मुठीत धरलं, आणि तिच्या परातला काटा माझ्या तळहातात घुसला. दोन दिवस हात सुजला होता. आबा हळद लावताना म्हणाले, ‘त्यो बी काय तरी करनारच की पोरी. तू एकटीच मारनार व्हय?’

मी अकरा वर्षांची असताना, म्हणजे 2008 मध्ये, आबा आषाढी वारीला गेले आणि येताना गळ्यात माळ घालून आले. घरात मासे, मटण, अंडी सगळं बंद. आजीला काही फार वाईट वाटलं नाही, ती आधीपासून निम्मी शाकाहारीच होती. मला वाटलं, संपलं. काठी आता कायमची माळ्यावर जाणार.

पुढच्या रविवारी आबा ओसरीवर पक्कड घेऊन बसले होते. गळाच्या टोकाला आतल्या बाजूनं एक उलटा काटा असतो, ज्यामुळे लागलेला मासा सुटत नाही. आबा एकेका गळाचा तो काटा पकडीनं दाबून सपाट करत होते. असा गळ माशाच्या ओठातून अलगद निघतो. आता पकडायचं आणि सोडायचं. ‘कॅच अँड रिलीज’ हा शब्द मी पुढे कितीतरी वर्षांनी इंटरनेटवर वाचला. आबांनी तो वाचलेला नव्हता, त्यांची फक्त पांडुरंगाशी काहीतरी तडजोड झाली होती.

आजीला ही तडजोड मंजूर नव्हती. ‘मासं खात न्हाई, मग तिथं जाता कशाला?’

‘खायाचं सोडलं. पान्याजवळ बसायचं सोडा, असं कुनी सांगितलं न्हाई.’

‘मग नुसतं बसा की! काठी कशाला पायजे?’

यावर आबांकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. मासे सोडून देणारे अँगलर स्वतःला फार सभ्य समजतात. पण मासा काही हौसेनं गळाला लागत नाही, हे मला मान्य आहे. हात ओला केल्याशिवाय माशाला धरत नाही, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग रोग धरतो. शक्यतो त्याला पाण्याबाहेर काढत नाही. पावसाच्या सुरुवातीला, चढणीचे मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहानं वर येतात तेव्हा काठीला हात लावत नाही. एवढं करूनही आजीचा प्रश्न तिथेच बसून आहे. माझं एकच म्हणणं, तो सोडवल्याशिवाय नदीवर जायचं नाही असं ठरवलं असतं, तर मी नदी पाहिलीच नसती.

कॉलेजच्या वर्षांत हे सगळं मागे पडलं. मास कॉम केलं, 2019 मध्ये एका न्यूज चॅनेलच्या डेस्कवर लागले. रात्रपाळी, ब्रेकिंग न्यूज, मशीनची कॉफी. वर्षभरात लॉकडाउन आला आणि नोकरी गेली. एचआरचा फोन दीड मिनिटाचा होता. मी बॅग भरून आबांकडे गेले, ती पाच महिने तिथेच राहिले.

त्या पाच महिन्यांबद्दल मी कधी लिहिलं नाही. जग बंद होतं, माणसं मरत होती, आणि मी नदीकाठी बसून बरी होत होते, हे सांगायला लाज वाटायची. सकाळी सहाला आबा उठवायचे. चहा, भाकरी, नदी. नऊला ऊन चढलं की परत. संध्याकाळी पुन्हा. या नदीचं बारीकसारीक गणित मी तेव्हा शिकले. उंबर पिकून पाण्यात पडायला लागला की त्याखाली कोण कोण जमतं. पाणी गढूळ झालं की आमिष कसं बदलायचं. वारा सुटला की तरंगा खोटं कसा बोलतो. दिवसभरात आबा दहा वाक्यं बोलायचे. नोकरी गेली त्याबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही.

आणि तिथेच मला महसीर भेटला.

त्याची ओळख करून देते, कारण तो आपल्या गावचा आहे. नदीतला वाघ म्हणतात त्याला. अंगावर मोठाले, जाड खवले, जाड ओठ, जबड्यात दात नाहीत पण घशात आहेत, आणि ते खेकडासुद्धा चिरडतात. आपल्याकडच्या निळसर परांच्या महसीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. 1839 मध्ये विल्यम सायक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं जगाला त्याची पहिली ओळख करून दिली, ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून! ज्या पुलांवरून आज आपण नाक दाबून बाइक पळवतो, त्यांच्याखालच्या नदीतल्या. याला वाहतं, स्वच्छ, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं, त्यामुळे शहरानं नदीचं काय केलं हे समजायला त्याचं नसणं पुरेसं आहे. देहूच्या डोहातले हेच मासे देवाचे म्हणून कोणी मारत नाही. तुकोबांची गाथा पाण्यातून तरली, तेव्हा याच माशांनी ती सांभाळली अशी श्रद्धा आहे. महाडजवळच्या वाळणकोंडलाही देवीच्या नावानं गावकरी हे मासे राखतात.

लोणावळ्याला वळवण धरणापाशी टाटांचं महसीर पैदास केंद्र आहे. 1970 च्या दशकापासून तिथे अंड्यांतून पिल्लं तयार करून देशभरातल्या तलावांत, नद्यांत सोडली गेली. 2019 मध्ये आययूसीएनच्या यादीत हा मासा ‘धोक्यात’ या गटातून निघून ‘सर्वात कमी चिंता’ असलेल्या गटात गेला. आनंदाचीच बातमी. पण याला एक शेपूट आहे. यातली काही पिल्लं कर्नाटकात कावेरीत गेली. तिथे मूळचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर राहायचा. आपला पाहुणा तिथे इतका फोफावला की तो मूळ मालक मागे रेटला गेला, आणि 2018 मध्ये ‘अतिशय धोक्यात’ म्हणून नोंदला गेला. चांगल्या हेतूनं केलेल्या कामाचंही असं होतं. ही गोष्ट मी वाचली तेव्हा मला हसू आलं नाही, कारण तोपर्यंत माझीही एक होऊन गेली होती.

तर, 2021 चा नोव्हेंबर. मी तोवर फ्रीलान्सिंग सुरू केलं होतं आणि महिन्यातून दोनदा गावी जात होते. आमचा एक डोह होता. दोन्ही बाजूंना काळा कातळ, वर उंबर, रस्त्यापासून अर्धा तास आत. सकाळी साडेसातला तरंगा हललाच नाही, थेट नाहीसा झाला. महसीर उड्या मारून तमाशा करत नाही. तो पळतो. प्रवाहाच्या दिशेनं, सरळ, आणि रील अशी किंचाळते की हात थरथरायला लागतात. माझे थरथरत होते. आबा मागे उभे राहून एवढंच म्हणत होते, ‘जाऊ दे. जाऊ दे त्याला. दमू दे.’ वीस मिनिटं गेली असतील. शेवटी तो कडेला आला. अंगावर तांबूस सोनेरी झाक, पर निळे. चार-साडेचार किलोचा असेल, तोलला नाही. मी हात ओले केले, गळ काढला, त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. त्याचे कल्ले उघडत-मिटत होते, आणि मग शेपटीचा एक फटका मारून तो गेला. माझं सगळं तोंड भिजलं. पाण्यानं, आणि... असो.

सोडण्याआधी आबांनी माझ्या फोनवर एक फोटो काढला होता. त्यांच्या आयुष्यातला बहुधा एकमेव फोटो, अर्धा अंगठा आलेला.

फेब्रुवारी 2022. एका ठिकाणाहून फोन आला. लॉकडाउननंतर सगळ्यांना बाहेर पडायचंय, तर ‘पुण्याजवळचे पाच सीक्रेट स्पॉट्स’ अशी स्टोरी हवी. चार स्पॉट्स माझ्याकडे होते, जुनेच. पाचवा हवा होता. तुम्ही ओळखलंच असेल. मी डोहाबद्दल लिहिलं. फार सुंदर लिहिलं, असं तेव्हा मलाही वाटलं. फोटो दिला. संपादकांनी मॅपची पिन मागितली, तीही दिली. मानधन अडीच हजार रुपये, आणि तेसुद्धा तीन महिन्यांनी आलं.

स्टोरी जोरात चालली. माझ्या आधीच्या कुठल्याही लेखापेक्षा जास्त. एप्रिलमध्ये गावी गेले तर डोहावर नऊ गाड्यांतून आलेली माणसं होती. स्पीकर, चुली, चिप्सची पाकिटं. एक मुलगा माझ्याच फोटोसारखी पोझ देत होता, हातात मासा नव्हता म्हणून पाण्याची बाटली धरून. मला तेव्हाही थोडा अभिमानच वाटला, हे कबूल करते.

मे महिन्यात कोणीतरी रात्री डोहात जिलेटिन टाकलं. स्फोटानं माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशव्या फुटतात. मोठे तेवढे वेचून नेतात, बारीक तरंगत राहतात, आणि कितीतरी मासे तळाशी जातात ते दिसतच नाहीत. 1897 च्या कायद्यापासून हा गुन्हा आहे. पण कायदा रात्री डोहावर बसलेला नसतो. पूर्वी तिथे मोठे मासे आहेत हे गावातल्या चार जुन्या माणसांना माहीत होतं, आणि ती चौघंही कोणाला बोलणारी नव्हती. मी बोलले. पिनसकट.

आबांचा फोन आला नाही. मामाचा आला. मी पोचले तेव्हा आबा कातळावर बसले होते. पाण्याच्या कडेला बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून साचली होती, पाचोळ्यासारखी, जिथे पाचोळा साचायचा तिथेच. मी ‘सॉरी’ म्हणाले. इंग्रजी शब्द किती कमी पडतो तेव्हा कळलं. आबा उठले, घरी आले, काठी माळ्यावर ठेवली. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

नंतरची दोन वर्षं मी दुसरीकडे फिरले. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथल्या मुरलेल्या मंडळींना पाहिलं. 1891 च्या त्या तलावात जलपर्णी, मगरी आणि आजूबाजूचे टॉवर यांच्या मधोमध ही माणसं शांतपणे बसलेली असतात, आणि एकमेकांच्या जागेबद्दल कधी विचारत नाहीत. विचारायचं नसतं, हा अलिखित नियम. मला तो अडीच हजार रुपयांत शिकायला मिळाला होता. तुम्हाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर अशा ठिकाणाहून सुरुवात करा. धरणाच्या तलावांत बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो, आधी त्यांना विचारा. गळाचा उलटा काटा दाबून टाका. आणि फोटो काढलाच, तर मागचा डोंगर फ्रेममध्ये घेऊ नका. हुशार लोक डोंगरावरून जागा ओळखतात.

गेल्या दिवाळीत आबांनी आपणहून काठी खाली काढायला सांगितली. वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले. मामाच्या बाइकवर मागे बसून आले, गावाजवळच्याच बंधाऱ्यावर. तासाभरानं त्यांच्या गळाला चिलापी लागली. ही आपली नव्हे, आफ्रिकेतली. 1952 मध्ये भारतात आणली आणि आता जिथे बघाल तिथे हीच. अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, भराभर वाढते, आणि इथल्या माशांना जागा उरू देत नाही. जाणकार सांगतात, चिलापी परत पाण्यात सोडू नका. आता आली का पंचाईत! माळकरी माणूस, मारता येत नाही. नदीची काळजी असलेला माणूस, सोडता येत नाही. आबा ती हातात धरून बराच वेळ बसले. मग बैल धुवायला आलेल्या पोराला हाक मारून त्याच्या हातात दिली. ‘तुझ्या आयला दे. कालवन झ्याक व्हतंय हिचं.’ आणि माझ्याकडे बघून, ‘आजीला सांगू नको.’

या वर्षी मार्चमध्ये ते म्हणाले, डोहावर जाऊ.

अर्ध्या तासाची वाट आम्ही दीड तासात गेलो. माणसांची वर्दळ आता नाही. सीक्रेट स्पॉट्स दर वर्षी नवे लागतात, हा जुना झालाय. कातळावर फुटक्या काचा आहेत अजून. उंबर पिकला होता. काठी आणलीच नव्हती, फोन सॅकच्या तळाशी. आबांनी खाली पडलेला एक उंबर उचलला आणि पाण्यात टाकला. काही नाही. दुसरा टाकला. काही नाही. तिसरा टाकला तेव्हा खालून काहीतरी आलं, पाण्याला एक पीळ पडला, आणि उंबर नव्हता.

चिलापी असेल. कानोशी असेल. पूर येतो, वरून कोण काय वाहून येतं, सांगता येत नाही. पण मला एक निळसर पर दिसल्यासारखा वाटला.

आबांनी माझ्याकडे बघितलं. ‘दिसलं काय?’

‘नाही,’ मी म्हटलं.

आबा हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग हात पुढे केला, मी त्यांना उठवलं, आणि आम्ही इतके सावकाश परत आलो की माझी पुण्याची लोकल चुकली.